सहा किलो उतरले, तरी गड लांबच: एका पॉवर मीटरचं प्रकरण

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हे गृहस्थ सायकलीच्या तालमीसाठी माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात एक दोनशे पानी वही होती. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, वजन, वॅट (पेडलवर लागणारी ताकद) आणि शेवटी वॅट भागिले वजन, हा भागाकार. जानेवारीतली पानं निळ्या शाईत, मार्चनंतरची लाल. मी कारण विचारलं. "ताई, मार्चपासून सगळं घसरतच गेलं. म्हणून लाल."

वय ४२, उंची १७४ सेंटीमीटर. राहायला धायरीत, नोकरी हिंजवडीत, आठवड्यातून तीन रात्री परदेशातल्या टीमशी अकरापर्यंत कॉल. तीन वर्षं नेमाने सायकल चालवतात. त्यांच्या परवानगीनेच हे लिहिते आहे, फक्त नाव नको म्हणाले. मी त्यांना दादा म्हणते, इथेही तेच म्हणेन.

दादांना हवं होतं ते साधं होतं: सिंहगड ४५ मिनिटांच्या आत. आम्ही वेळ मोजतो ती गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत. पुण्यात घाट चढणाऱ्या दोन सायकलवाल्यांची ओळख झाली की पाचव्या मिनिटाला हा आकडा निघतोच. जानेवारीत दादांना ४९ मिनिटं १० सेकंद लागली होती. एप्रिलमध्ये, साडेसहा किलो वजन उतरवून, ५० मिनिटं ४० सेकंद. वही मिटून त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आता अजून तीन किलो कमी केले तर होईल ना?"

त्या प्रश्नापासून सप्टेंबरपर्यंत काय काय झालं, ते पुढे आहे. थोडं सविस्तर लिहिते, कारण हीच वही वेगवेगळ्या हस्ताक्षरांत मी बऱ्याच जणांकडे पाहिली आहे.

भागाकार कुठून आला

सिंहगडासारख्या सात टक्क्यांच्या आसपासच्या चढावर ताशी अकरा-बारा किलोमीटरने जाताना पायांतून निघालेल्या दर दहा वॅटमधले जवळपास नऊ वॅट नुसतं वजन वर उचलण्यात जातात. टायरचं घर्षण आणि हवा मिळून उरलेला एक. सपाटीवर चित्र उलटं असतं. तिथे हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणून खडकवासल्याच्या सरळ रस्त्यावर थोराड अंगाचा माणूस बारीक माणसाला सहज मागे टाकतो आणि गोळेवाडीनंतर तोच दिसेनासा होतो. चढावर एका किलोमागे किती वॅट, हा भागाकार म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

वॅट मोजणारं यंत्र म्हणजे पॉवर मीटर. उलरिख शोबरर या जर्मन अभियंत्याने १९८० च्या दशकात सायकलीच्या क्रँकमध्ये (पेडल ज्याला बसतं त्या दांड्यात) ते बसवलं, तेव्हा ते प्रयोगशाळा आणि व्यावसायिक संघांपुरतंच होतं. तत्त्व तेच राहिलं आहे. क्रँक किंवा पेडलच्या धातूला बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. जोर पडला की धातू केसभर वाकतो, पट्टी ताणली जाते, तिचा विद्युतरोध बदलतो. त्यावरून पीळ किती, हे कळतं. पीळ गुणिले फिरण्याचा वेग, की वॅट. नाडी उन्हाने, चहाने किंवा रात्रीच्या जागरणाने हलते, हा आकडा तसा हलत नाही. पाय जे करतात तेच तो सांगतो, आणि मोठ्यात मोठी गफलतही इथेच होते, कारण तो सगळंच खरं सांगत असेल असं आपण धरून चालतो.

जानेवारीत दादांनी डाव्या क्रँकवर बसणारा मीटर घेतला. घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, वीस मिनिटांची चाचणी केली. सरासरी २३० वॅट. अँड्र्यू कॉगन आणि हंटर ॲलन यांनी रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणे त्याचे ९५ टक्के, म्हणजे २१८ वॅट, ही त्यांची एफटीपी. साधारण तासभर टिकेल अशी कमाल ताकद, असा त्याचा अर्थ. (मूळ पद्धतीत वीस मिनिटांच्या आधी पाच मिनिटं पूर्ण जोर लावायचा असतो. तो भाग बरेच जण गाळतात आणि आकडा फुगतो. दादांनी गाळला नव्हता.) वजन ७८ किलो. भागाकार २.८.

वहीच्या पहिल्या पानावर लाल चौकटीत ध्येय होतं: ३.५. खाली गणित: २३८ वॅट, ६८ किलो. वीस वॅट वाढवायचे आणि दहा किलो उतरवायचे. वॅट कसे वाढवायचे हे त्यांना ठाऊक नव्हतं, वजन कसं उतरवायचं हे ठाऊक आहे असं वाटत होतं. म्हणून त्यांनी खालचा आकडा धरला.

तीन महिने

संक्रांतीला ऑफिसात तिळगूळ वाटला गेला, त्यांनी वडी कागदात गुंडाळून खिशात ठेवली. सकाळी कोरा चहा पिऊन सायकल. दुपारी डबा अर्धा, संध्याकाळी साडेसातनंतर काही नाही. रविवारी उपाशीपोटी सिंहगड, वर पोचल्यावर सोबतचे पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही घेऊन बसायचे, हे ताक पिऊन उतरायचे. पहिल्या दहा दिवसांत दोन किलो गेले. ते बघून उत्साह दुप्पट झाला. वास्तविक त्या दोन किलोंत चरबी फार थोडी होती. स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा आटतो तेव्हा दर ग्रॅमामागे तीनेक ग्रॅम पाणीही जातं. काटा खाली येतो, पण गेलेलं असतं ते इंधन.

मार्चअखेर वजन ७१.५. याच दरम्यान त्यांनी दोन्ही पायांचं वेगवेगळं मोजणारे पेडल घेतले. डाव्या क्रँकचा मीटर फक्त डावा पाय मोजून त्याची दुप्पट करतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि वाचलेलं बरोबर होतं. नव्या पेडलवर चाचणी केली: वीस मिनिटं २०९ वॅट, एफटीपी १९९. भागाकार पुन्हा २.८ ला किंचित कमी.

तीन महिने अर्धपोटी राहून आकडा जिथल्या तिथे. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष माणूस म्हणून मला पूर्ण समजतो: वॅट पडले आहेत, तर वजन अजून खाली न्यायला हवं. एप्रिलभर रात्रीचं जेवण एका भाकरीवर आलं.

दोन मीटर, एक सायकल

मी आधी आहाराला हात लावला नाही. जानेवारीचा आकडा एका यंत्राचा आणि मार्चचा दुसऱ्या. दोन तराजूंवर तोललेला माल एकाच खात्यात मांडलेला होता. तेव्हा पहिलं काम तराजूंचं.

जुना डावा क्रँक परत बसवला, त्यालाच नवे पेडल लावले. हँडलवर दोन सायकल कॉम्प्युटर, एक क्रँकला जोडलेला, एक पेडलना. सायकल पंधरा मिनिटं बाहेर सावलीत उभी केली, कारण धातू हवेच्या तापमानाला आला नाही तर शून्य चुकतं. मग दोन्हींचं शून्य जुळवून घेतलं. पेडलना क्रँकची लांबी सांगावी लागते. १७० मिलीमीटरच्या क्रँकला चुकून १७२.५ भरलं की सगळे वॅट दीड टक्क्याने फुगतात. दादांनी बरोबर भरलं होतं. मग चाळीस मिनिटं पानशेत रस्त्याला, वेगवेगळ्या जोराने.

घरी येऊन दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. रेषा समांतर होत्या, पण क्रँकची रेषा सगळीकडे वर. सरासरी सहा टक्के. पेडलचा तपशील उघडला तर कारण समोर आलं: डावा पाय ५३, उजवा ४७. डाव्याची दुप्पट केली की शंभराच्या जागी १०६ दिसणार. दादांना विचारलं, उजव्या पायाला कधी काही लागलं होतं का. चौदा वर्षांपूर्वी दुचाकीवरून पडून उजवा घोटा मोडला होता, म्हणाले. "पण तो तर केव्हाच बरा झाला."

जानेवारीचे २१८ वॅट मुळात २०६ च होते. मग वही पुन्हा मांडली. २०६ भागिले ७८, म्हणजे २.६४. मार्चमध्ये १९९ भागिले ७१.५, म्हणजे २.७८. एकोणीस वॅट पडलेच नव्हते, सातच पडले होते. भागाकार थांबला नव्हता, वर चढला होता.

दादा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. तीन महिन्यांतलं निम्मं दुःख एका यंत्राच्या दुपटीतून आलं होतं.

पण इथेच थांबले असते तर मोठी चूक झाली असती. भागाकार सुधारला होता, मग गड चढायला दीड मिनिट जास्त का लागलं? सायकल, बाटल्या, कपडे मिळून दहा किलो धरले तर जानेवारीत एकूण ८८ किलो वर न्यायचे होते, एप्रिलमध्ये ८१.५. एफटीपीच्या जवळपास चढले असते तर एप्रिलमध्ये दोनेक मिनिटं लवकर पोचायला हवे होते.

एप्रिलच्या चढाईची नोंद उघडली आणि तिचे तीन सारखे भाग केले. पहिल्या भागात १९९ वॅट, मधल्यात १८१, शेवटच्यात १५८. जानेवारीत तिन्ही भाग जवळजवळ सारखे होते. नाडीने तर आणखी स्पष्ट सांगितलं. जानेवारीत शेवटच्या वळणांवर ती १७२ ला पोचली होती, एप्रिलमध्ये जीव काढूनही १६० च्या वर गेली नाही. दमलेल्या माणसाची नाडी वाढते असं आपण समजतो. आठवडेच्या आठवडे रिकाम्या टाकीवर चाललेल्या माणसाची ती वर जायलाच तयार नसते. चाचणी त्यांनी दोन दिवस विश्रांती घेऊन, नाश्ता करून दिली होती, म्हणून १९९ आले. गडावर ते उपाशी, पाऊण तास सायकल हाकून, आठवड्याचा थकवा घेऊन गेले होते. एफटीपीचा आकडा वीस मिनिटांच्या चाचणीतून आला होता आणि गडाला लागतात पन्नास.

वहीत नसलेला रकाना

पुढच्या भेटीला वहिनी सोबत आल्या. दादा बोलत होते ते वॅटबद्दल, वहिनी बोलल्या ते वेगळंच. चैत्रात, पंखा बंद करून, रात्री हे चादर घेऊन झोपतात. पहाटे तीनला जागे होतात. दीड महिन्यात दोनदा सर्दी-ताप. पाडव्याला श्रीखंडाच्या वाटीवरून मुलीवर ओरडले, आणि मग स्वतःच खोलीत जाऊन बसले. वहिनी हे सांगत होत्या तेव्हा दादा खाली बघत होते.

मी सात दिवसांची नोंद मागितली, घरातल्या वाटीच्या मापाने, काही न लपवता. आहारतज्ज्ञ बाईंनी हिशोब केला: दिवसाला सरासरी १,७५० किलोकॅलरी. सायकलीवर जळत होत्या दिवसाला सरासरी ६५०. पॉवर मीटरचा हा एक उपयोग फारसा कोणी करत नाही. शरीर इंधनातला साधारण पाव भागच पेडलपर्यंत पोचवतं, आणि एका किलोकॅलरीत चारच्या वर किलोज्यूल असतात. हे दोन्ही एकमेकांना जवळपास खोडून काढतात, म्हणून मीटरवरचे किलोज्यूल म्हणजेच जवळजवळ शरीराने जाळलेल्या किलोकॅलरी. रविवारच्या तीन तासांच्या फेरीला मीटर १,५०० किलोज्यूल दाखवत होता. त्या तीन तासांत दादांच्या पोटात गेली होती दोन केळी आणि एक ग्लास ताक.

१,७५० मधून ६५० वजा जाता ११०० उरल्या. चरबी सोडून त्यांचं उरलेलं शरीर ५९ किलो. म्हणजे किलोमागे जेमतेम १९ किलोकॅलरी, आणि एवढ्यात हृदय, मेंदू, हाडं, हार्मोन, झोप, सर्दीशी लढाई सगळं भागवायचं. ३० च्या खाली दीर्घकाळ राहिलं की शरीर काटकसरीला लागतं, असं मानलं जातं. तो आकडा मुळात स्त्रियांवरच्या अभ्यासांतून आला, पुरुषांत रेषा तेवढी नेमकी नाही. पण १९ म्हणजे रेषेवर वाद घालण्याची वेळ केव्हाच गेलेली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या अवस्थेला २०१४ मध्ये रेड-एस (खेळाडूंमधली ऊर्जेची तूट) हे नाव दिलं, आणि तेव्हापासून हा केवळ खेळाडू मुलींचा प्रश्न राहिलेला नाही. नोकरी सांभाळून सायकल चालवणारे चाळिशीतले पुरुष यात सापडतात आणि त्यांना कोणी विचारतही नाही, कारण बारीक झालेल्या माणसाचं सगळे कौतुकच करतात. दादांचंही सोसायटीत कौतुक चाललं होतं.

मी डॉक्टर नाही. त्यांना क्रीडावैद्यकाकडे पाठवलं. रक्तात लोह साठवणारं फेरिटिन कमी, बी-१२ कमी, टेस्टोस्टेरॉन मर्यादेच्या अगदी खालच्या टोकाला. शाकाहारी पुणेकराचं बी-१२ कमी निघणं ही नवलाची गोष्ट नाही. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या माणसांत हे कितीतरी आधी दाखवून दिलं आहे. पण कमी लोह आणि अर्धं पोट एकत्र आलं की घाटात पाय शिसं होणारच. उपचार डॉक्टरांनी ठरवले. माझ्याकडे राहिले ताट आणि तालीम.

"वजन वाढवायला आलो का मी?"

पहिले दोन आठवडे एकही जोराची फेरी नाही आणि जेवण पूर्ण, असं सांगितल्यावर दादा हे म्हणाले. रागाने नाही, घाबरून म्हणाले. साडेसहा किलो त्यांनी एकेक ग्रॅम झगडून उतरवले होते. मी त्यांना एक हिशोब करून दाखवला. एक किलो कमी झाला तर ८८ किलोंच्या एकूण ओझ्यात सव्वा टक्क्याहून कमी फरक, म्हणजे ४९ मिनिटांच्या चढाला साधारण अर्धं मिनिट. दहा वॅट वाढले तर पाच टक्के, म्हणजे दोन मिनिटांच्या वर. (त्याच दिवशी त्यांनी मनात असलेल्या महागड्या कार्बन चाकांचा विषयही काढला. तिथे प्रश्न अर्ध्या किलोचा होता. पंधरा सेकंदांसाठी तेवढे पैसे घालू नका, म्हटलं.) तीन किलो अजून असेच उतरवले असते तर स्नायूही जळला असता. दहा-वीस वॅट मात्र त्यांच्या शरीरात नुसतं व्यवस्थित जेवल्याने परत यायची शक्यता होती.

दोन आठवडे ते चिकाटीने जेवले. वजन ७३.४ वर गेलं. मी त्यांना वहीत वजन लिहायचं बंद करायला सांगितलं नाही. फक्त रोजच्याऐवजी आठवड्यातून तीन सकाळी, त्याच काट्यावर, आणि रकान्यात त्यांची सरासरी. एका दिवसात पाणी-मिठाने किलोभर इकडेतिकडे होतं, त्यावर भागाकार केला की माणूस सकाळी साडेसहालाच खचतो. भागाकाराचा रकाना मात्र काढून टाकला. वॅट एका पानावर, वजन दुसऱ्या.

ताटात फार नवं काही आणलं नाही. सायकलीवर निघण्याआधी एक पोळी गूळ-तूप लावून आणि केळं. तासापेक्षा लांबच्या फेरीला बाटलीत लिंबू सरबत: लिटरभर पाणी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलेली साठ ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. तासाला एवढी एक बाटली. आपली साधी साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी, आतडं ती दोन वेगळ्या वाटांनी शोषतं, म्हणून ती महागड्या पाकिटांपेक्षा काही कमी नाही. दादांच्या पोटाला सवय व्हायला तीन आठवडे लागले, सुरुवातीला त्यांनी तासाला तीसच ग्रॅमने केली. प्रथिनांचं खरं काम होतं. किलोमागे १.६ ग्रॅम धरले तर दिवसाला ११५, आणि त्यांचं चाललं होतं पन्नास-पंचावन्नवर. वरणाची वाटी घट्ट झाली, उसळ रोजची झाली, पनीर आणि दही वाढलं, सोयाबीनची भाजी आठवड्यातून तीनदा, आणि एक माप व्हे प्रोटीन. रात्रीच्या कॉलआधी जेवण, नंतर कपभर दूध.

तालमीत काय बिघडलं होतं ते जुन्या नोंदींवरून पाच मिनिटांत दिसलं. प्रत्येक फेरी एफटीपीच्या ७८ ते ८५ टक्क्यांत. रोज मधल्या आचेवर. थकवा येईल इतकी जड, आणि सुधारणा होण्याइतकी जोरकस नाही. मे संपताना आम्ही ते दोन टोकांना ओढलं. मंगळवारी ट्रेनरवर दोनदा वीस मिनिटं, एफटीपीच्या ९० टक्क्यांच्या आसपास. गुरुवारी चार-चार मिनिटांचे पाच तुकडे, ११० टक्क्यांवर, मध्ये चार मिनिटं विसावा. शनिवारी दोन तास पानशेतच्या दिशेने ६५ टक्क्यांवर, आणि यात तडजोड नाही. रविवारी लांबची फेरी. दोन दिवस व्यायामशाळा, त्यात उजव्या पायावर एकट्याने उठण्याबसण्याचे व्यायाम, घोट्यासाठी फिजिओने दिलेले वेगळे. दर चौथा आठवडा हलका.

सगळ्यात अवघड गेला तो शनिवार. हळू चालवणं दादांना अपमानासारखं वाटायचं. खडकवासल्याच्या चौपाटीजवळ कोणीतरी ओलांडून गेलं की वॅट लगेच २०० वर. आलेखात ती शिखरं स्पष्ट दिसायची आणि मी दर सोमवारी त्यावर बोट ठेवायची. जूनच्या तिसऱ्या शनिवारी पहिल्यांदा रेषा सपाट आली. त्या दिवशी त्यांचा निरोप होता: "आज चौघे पुढे गेले. जाऊ दिले."

जूनअखेरच्या चाचणीत एफटीपी २१२. तेच पेडल, तोच ट्रेनर, तोच पंखा, सकाळचे सात, शून्य जुळवून. ऑगस्टअखेर वीस मिनिटं २३८, एफटीपी २२६. वजन ७२.६. जुलैपासून फक्त हलक्या दिवशी दोन-अडीचशे कॅलरी कमी ठेवल्या होत्या, जोराच्या दिवशी कधीच नाही. भागाकार मी केला नव्हता, त्यांनीच केला आणि फोन केला: ३.११.

फेरिटिन आणि बी-१२ तोवर सुधारले होते. वहिनींना मी चादरीचं विचारलं. जूनमध्येच सुटली, म्हणाल्या.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार

पावसाळ्यात घाटात दरडीची भीती असते, शेवाळलेल्या वळणांवर उतरताना टायर धरत नाही, म्हणून आम्ही गड मुद्दाम टाळला होता. सप्टेंबर संपताना रस्ता वाळला. सकाळी सव्वासहाला गोळेवाडीच्या नाक्यावर होतो, कारण आठनंतर गाड्यांच्या रांगेत वेळ मोजण्यात अर्थ नसतो. मी गाडीने वर गेले. दादांना एकच सूचना होती: पहिली दहा मिनिटं २१८ च्या वर जायचं नाही, पाय कितीही मोकळे वाटले तरी.

वेळ ४२ मिनिटं ५० सेकंद. पण माझं लक्ष वेळेपेक्षा तीन भागांवर होतं: २१६, २१७, २२४. शेवटचा भाग सगळ्यात जोरकस. नाडी १७४. वर आल्यावर ते पाच मिनिटं हँडलवर डोकं ठेवून उभे होते, मग टोपल्या घेऊन बसलेल्या मावशींकडे जाऊन दोन वाट्या दही घेऊन आले, एक माझ्या हातात दिली.

याचं श्रेय कशाला किती, हे मला नेमकं वाटून देता येणार नाही. एप्रिलची सकाळ आणि पावसानंतरची सकाळ यांत उष्णतेचा फरक आहे, आणि उन्हाळ्यात वॅट पडतातच. लोह, जेवण, विश्रांती, गुरुवारचे तुकडे, सगळं एकाच वेळी बदललं, त्यामुळे कोणाचं काम मोठं हे वेगळं काढता येत नाही. माझा अंदाज असा की सुरुवातीचे दहा-बारा वॅट हे कमावलेले नव्हते, उपासमारीने दाबून ठेवलेले होते ते सुटले, आणि पुढचे तालमीचे. २०६ पासून मोजलं तर खरी कमाई वीस वॅट. पहिल्या पानावरच्या लाल चौकटीत वीस वॅटच मागितले होते.

३.५ अजून लांब आहे. आत्ताच्या वजनाला त्यासाठी २५४ वॅट लागतील, आणि बेचाळिशीत नोकरी सांभाळून आणखी २८ वॅट म्हणजे निदान दोन हंगामांचं काम, तेही झालं तर. हे मी त्यांना तसंच सांगितलं. त्यांनी विचारलं, "आणि वजन अजून दोन किलो?" मी म्हटलं, डिसेंबरच्या रक्ततपासणीनंतर बोलू, आणि त्याआधी नाही. ते हो म्हणाले, पण प्रश्न त्यांच्या मनातून गेलेला नाही, हे मला दिसतं. तीन सकाळच्या वजनांचं पान मी अजून दर आठवड्याला मागवते.

डावा-उजवा फरक आता ५२-४८ आहे, पण चढाच्या शेवटी पाय थकले की तो पुन्हा ५३ कडे सरकतो. घोट्याचे व्यायाम चालू आहेत. पुढची चाचणी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, त्याच पेडलवर.